गळाला लावायची मासळी रविवारपर्यंत जगवायची तर

छत्रपती संभाजीनगरात गळ टाकणाऱ्या माणसाची आमिषाची मासळी बहुतेक वेळा मरते ती नळाला पाणी येतं त्या रात्री. बरेच दिवस वाट पाहून पाणी आलेलं असतं. घरातल्या टाक्या, पिंपं, हंडे-कळशा भरून होतात आणि मग वाटतं, माशांचंही पाणी एकदा बदलून टाकू. पाइप सरळ ड्रममध्ये सोडला जातो. मीही हे केलं आहे. पैठणच्या काठावरून ओळखीच्या भोयांकडून आणलेल्या बोटभर चिलापी होत्या, मोजून चाळीस. रात्री दहाला पाणी बदललं आणि पहाटे साडेतीनला निघताना टॉर्च मारला, तर सगळ्या पोट वर करून तरंगत होत्या. एक हातात घेऊन कल्ला उचलून पाहिला. लालभडक असायला हवा तो कल्ला धुतलेल्या फडक्यासारखा फिका पडला होता. अंगावरची बुळबुळ सुटून दोऱ्यासारखी लोंबत होती. त्या दिवशी गळाला गांडूळ लावून बसलो, पण मन लागलं नाही. चाळीस जीव गेले होते आणि चूक पूर्णपणे माझी होती.

ज्या नाथसागरात त्या चिलापी वाढल्या, त्याच नाथसागराचं पाणी शहरात नळाला येतं. पाणी तेच असलं तरी मधे त्यात क्लोरीन पडतो. तो आपल्यासाठी आवश्यकच आहे. पिण्याच्या पाण्यात अगदी शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याला तो नुसता वासाने कळतो, माशाच्या कल्ल्यांना मात्र भाजतो. कल्ले म्हणजे माशाची उघड्यावर टांगलेली फुप्फुसं. त्यांच्यावर कातडीचं संरक्षण नसतं.

म्हणून पहिली गोष्ट ही करा की ड्रम दोन ठेवा. एकात मासे आणि दुसऱ्यात नुसतं पाणी. नळाचं पाणी आधी दुसऱ्या ड्रममध्ये भरा, तोंड उघडं ठेवा, दिवसातून दोन-तीनदा तांब्याने ढवळा आणि किमान २४ तास जाऊ द्या. ड्रम खोल असेल तर दोन दिवस द्या. घाई असेलच तर फिशटँकच्या दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात, ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. या मुरलेल्या पाण्याच्या ड्रमावर मात्र पातळ सुती कापड ताणून बांधायला विसरू नका. डेंग्यूचा डास असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. मासे असलेल्या ड्रममध्ये ही भीती कमी, कारण डासांच्या अळ्या चिलापी मिटक्या मारत खातात.

बोअरचं पाणी वापरत असाल तर क्लोरीनची काळजी नाही, पण दुसरी आहे. आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड असतं आणि जमिनीखालून नुकतंच वर आलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. तेही उंचावरून ओतून, हवेशी खेळवूनच वापरा. टँकरचं पाणी कुठून भरलं हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा ते नळाचंच समजून मुरवा.

मासा जगवायचा असेल तर लक्ष पाण्याकडे ठेवा. माशाला आपण फारसं काही द्यायचं नसतं. पाणी नीट असेल तर तो आपला आपण जगतो. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच एका गोष्टीचं आहे.

आमिष म्हणून कोणता मासा ठेवायचा? इथल्या गोड्या पाण्यात जिवंत आमिष लागतं ते मुख्यतः मरळ, वांब आणि शिंगाडा यांच्यासाठी. हे शिकारी मासे हलणाऱ्या भक्ष्यावर झेप घेतात. त्यांच्यासाठी चिलापीसारखं टिकाऊ आमिष नाही. चिलापी म्हणजे तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ साली आणला गेला आणि आज बहुतेक धरणांत तोच भरून राहिला आहे. तो काढल्याने धरणाचं काही बिघडत नाही, उलट देशी माशांना जागा होते. चांदीसारखी चकाकणारी, हात लावला की खवले झडणारी बारीक मासळी गळावर फार सुंदर दिसते, पण ड्रममध्ये एक रात्रसुद्धा काढत नाही. ती काठावरच मिळवावी आणि काठावरच वापरावी.

झिंगे ठेवायचे असतील तर त्यांना लपायला जागा द्या, नाहीतर कात टाकलेल्या मऊ झिंग्याला बाकीचे खाऊन टाकतात. फुटक्या कौलाचे तुकडे किंवा स्वच्छ धुतलेल्या जलपर्णीच्या मुळ्या पुरतात.

दोन गोष्टी मात्र आमिषाला वापरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात काठाशी, गवताच्या आडोशाला लालसर-नारिंगी पिल्लांचा एक गोळा पाण्याच्या वर-खाली होताना दिसतो. तो मरळीचा असतो आणि त्याच्याखाली आई-बाप राखणीला असतात. पिल्लं घेतली की ती वीण संपली. दुसरी गोष्ट म्हणजे आफ्रिकन मांगूर. हा मासा अधाशी आहे, हवेतून श्वास घेऊन चिखलातही जगतो आणि पाण्यातलं बाकी सगळं फस्त करतो. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका.

आता भांडं. तांब्या-पितळेचं घंगाळ किंवा जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली अजिबात नको, कारण तांबं आणि जस्त पाण्यात उतरलं की माशाला विषच. नवी सिमेंटची टाकी बांधली असेल तर तिच्यातून चुना सुटतो. दोन-तीन आठवडे ती भरत-उपसत राहा आणि मगच मासे सोडा. बहुतेक जण भंगारातून निळे प्लास्टिकचे ड्रम आणतात. शहराभोवती वाळूज, चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहती आहेत, ड्रम भरपूर मिळतात. पण त्यात आधी काय होतं, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. लेबल खरवडलेला, वास येणारा ड्रम दहा वेळा धुऊनही भरवशाचा होत नाही. खाण्याच्या तेलाचा, सिरपचा किंवा लोणच्याचा ड्रम असल्याची खात्री असेल तरच घ्या. शेतात कपाशीवर फवारणीसाठी वापरलेली बादली, मग किंवा पंप यांतलं काहीही माशांच्या पाण्याजवळ आणू नका. कीटकनाशकाचा नुसता ओशट थरही सगळा ड्रम मारतो.

मिळालेला ड्रम उभा ठेवण्यापेक्षा आडवा कापून त्याच्या दोन पसरट कुंड्या करा. पाणी हवेतला प्राणवायू पृष्ठभागातून घेतं. उंच, अरुंद भांड्यात पाणी भरपूर मावतं, पण श्वास घ्यायला जागा थोडी असते. कापलेल्या कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवा, म्हणजे तुमचे हात आणि माशांची तोंडं शाबूत राहतील. वरून जाळी बांधणं आवश्यक आहे. चिलापी उडी मारते, शिवाय मांजर आणि खंड्या दोघांनाही कुंडीचा पत्ता लवकर लागतो.

एका कुंडीत किती मासे ठेवायचे, यावर लोक फार उदार असतात. २०० लिटरचा ड्रम कापून झालेल्या प्रत्येक कुंडीत साधारण ८० ते ९० लिटर पाणी बसतं. त्यात हवा सोडणारा एअर पंप चालू असताना बोटभर लांबीचे पंधरा मासे ठेवा, फार तर अठरा. एका फेरीला एवढे लागतही नाहीत.

प्राणवायूचं गणित थोडं समजून घ्यायला हवं, कारण आपल्या हवामानात तेच घात करतं. थंड पाणी जास्त प्राणवायू धरतं आणि गरम पाणी कमी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात सातच्याही खाली येतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे त्यातही थोडी घट. आणि पाणी १० अंशांनी तापलं की माशाची गरज जवळपास दुप्पट होते. म्हणजे मे महिन्यात मागणी दुप्पट आणि पुरवठा कमी. त्यातून कुंडीतलं पाणी शेवाळाने हिरवं झालं असेल तर दिवसा ते शेवाळ प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच खातं. सर्वांत वाईट वेळ पहाटेची, सूर्य उगवण्याआधीची. मासे रात्री दहाला ठणठणीत दिसतात आणि चारला वर तोंड काढून हवा गिळू लागतात, ते यामुळे. पंप एखादवेळी दिवसा बंद ठेवला तर चालेल, रात्री कधीही नाही.

शहरातल्या पाणचक्कीला गेलात आणि पाणी वाहतं असेल, तर भिंतीवरून हौदात कोसळणारी ती धार नीट बघा. पाणी जिथे पडतं तिथे फेस होतो, बुडबुडे खोल जातात आणि लाटा कडेपर्यंत पोचतात. आपला एअर पंप तेच काम छोट्या प्रमाणात करतो. बुडबुड्यांमधून जेवढा प्राणवायू मिळतो त्याहून जास्त तो पृष्ठभाग हलता राहिल्याने मिळतो. म्हणून पंपाच्या नळीचा दगड तळाशी ठेवा आणि बुडबुडे वर येऊन पाणी उकळल्यासारखं हललं पाहिजे एवढा जोर ठेवा. वीज गेली तर बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी हवा. तोही नसेल तर तांब्याने पाणी काढून हातभर उंचावरून परत ओता, दर पंधरा-वीस मिनिटांनी पन्नासेक वेळा. कंटाळवाणं आहे, पण मासे वाचतात.

पंपाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. त्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड मशीन किंवा फवारा वापरला की त्यातलं औषध थेट पाण्यात उतरतं. ही औषधं माणसाला सौम्य असली तरी माशांना अत्यंत घातक आहेत. कुंडी अंगणात असेल आणि गल्लीत धूरफवारणीची गाडी आली, तर पंप बंद करून कुंडी प्लास्टिकने झाका आणि धूर विरल्यावर पंप पुन्हा लावा.

आता खाणं. इथे माया आवरावी लागते. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. जितकं खाईल तितका जास्त. उरलेलं अन्न कुजलं की त्यातून आणखी. आपलं पाणी अल्कधर्मी आणि गरम, अशा पाण्यात अमोनिया जास्तच विषारी ठरतो. तो दिसत नाही, आणि पाण्याला वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. आमिषाचा मासा वाढवायचा नसतो, टिकवायचा असतो. म्हणून एक दिवसाआड, पाच मिनिटांत संपेल एवढंच द्या. भिजवलेली शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा सारखे घेऊन केलेली लहान गोळी पुरते. कणकेचे गोळे, पोळीचे तुकडे, शिळा भात नको, त्याने पाणी दुधाळ होतं.

मासे कायम ठेवणार असाल तर पंपाला जोडायचा स्पंजचा फिल्टर आणा. त्या स्पंजात हळूहळू असे जिवाणू वाढतात जे अमोनियाचं रूपांतर कमी घातक पदार्थात करतात. ही वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत मासे थोडेच ठेवा. स्पंज मळला म्हणून नळाखाली धुतला तर क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तो कुंडीतल्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बस्स. दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा पाणी तळातून काढून मुरलेलं पाणी घाला. काढलेलं पाणी कढीपत्त्याला, मोगऱ्याला घाला. त्याला दुसरं खत लागत नाही.

उन्हाळ्यात कुंडी पूर्वेला किंवा उत्तरेला, भिंतीच्या सावलीत ठेवा. बाहेरून गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवलं तर पाणी बरंच निवतं. रांजणातलं पाणी का गार राहतं हे मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको, तीच ही युक्ती. दुपारी फारच तापलं तर झाकण घट्ट लावलेली बर्फाची बाटली तरंगत सोडा. बर्फ थेट टाकू नका. हिवाळ्यात उलटी काळजी. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री कधी कधी पारा १० अंशांच्या खाली जातो. चिलापी उष्ण प्रदेशातली आहे. पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की ती खाणं सोडते, सुस्त पडते आणि अंगावर बुरशी धरते. त्या दिवसांत कुंडी घरात किंवा पडवीत घ्या आणि खाणं बंदच ठेवा.

नवे मासे आणले की लगेच जुन्यांत मिसळू नका. चार-पाच दिवस वेगळ्या बादलीत ठेवून बघा. आणलेली पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग थोडं थोडं आपलं पाणी तिच्यात घाला, आणि मगच मासे सोडा. वाहतुकीत खवले झडलेले असतात. १० लिटर पाण्याला २० ते ३० ग्रॅम खडे मीठ विरघळवून दिलं तर त्यांना आराम पडतो आणि बुरशीही सहसा धरत नाही. कापसासारखे पुंजके, पांढरे ठिपके, लाल चट्टे किंवा झिजलेले पर दिसले तर तो मासा तिथल्या तिथे बाजूला काढा. माशाला हात लावायचा तर ओल्या हाताने, आणि शक्यतो मऊ जाळीने. ती बुळबुळच त्याचं कवच आहे.

पैठण असो की कायगाव टोका, शहरातून निघून काठावर पोचायला तास-सव्वा तास लागतो. जुन्या थर्माकोलच्या खोक्यात अर्धं पाणी आणि अर्धी हवा ठेवा, बॅटरीचा पंप लावा. २० लिटर पाण्याला दहा-बारा मासे. निघण्याच्या आधी किमान २४ तास उपाशी असलेला मासा प्रवासात पाणी घाण करत नाही. काठावर पोचल्यावर खोकं उन्हात ठेवून विसरू नका. उत्तम म्हणजे बारीक जाळीची छोटी पिशवी, मत्स्यशेतीवाले जिला हापा म्हणतात, ती सावलीच्या उथळ पाण्यात चार काठ्यांना बांधा आणि मासे तीत ठेवा. गळ लावताना वरच्या ओठातून किंवा पाठीच्या पराच्या पुढे, कण्याच्या वर, नुसत्या मांसातून ओवा. कण्याला टोक लागलं तर मासा लुळा पडतो, त्याला त्रास होतो आणि मरळ त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. जर्मनीत तर जिवंत मासा आमिष म्हणून लावायलाच बंदी आहे. आपल्याकडे तशी नाही, म्हणून संयम आपला आपण पाळायचा. लागतील तेवढेच न्या.

जाण्याआधी परवानगीचं बघा. जायकवाडीचा जलाशय, म्हणजे आपला नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय गळ टाकायला जाऊ नका. इतर तलावांवर मासेमारीचा हक्क सहसा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. त्यांना आधी भेटा. आमिषही त्यांच्याकडूनच विकत घ्या. त्यांच्या चार पैशांची सोय होते आणि ज्या पाण्यात टाकायचं त्याच पाण्यातलं आमिष मिळतं.

हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हर्सूलच्या तलावातला मासा सुखना धरणावर, तिथला गोदावरीत, असं करू नका. १९८८ च्या सुमारास भारतात आलेल्या लाल जखमांच्या रोगाने मरळीची तळीच्या तळी रिकामी झाली होती. असे रोग माशाबरोबर, त्याच्या पाण्याबरोबर, ओल्या जाळ्याबरोबर जातात. अमेरिकेत मोठ्या सरोवरांत २००५ मध्ये माशांचा एक विषाणूजन्य रोग सापडला, त्यानंतर आमिषाचे मासे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्यावर कडक नियम आले. आपल्या उजनी धरणात फिशटँकमधला सकर मासा पसरला आहे. तो जाळी फाडतो आणि विकलाही जात नाही. त्याची सुरुवात कुणीतरी नको झालेले मासे पाण्यात सोडण्यापासूनच होते. तेव्हा त्या पाण्यातले नसलेले उरलेले मासे घरी परत आणा आणि खोक्यातलं पाणी काठापासून लांब, जमिनीवर ओता.

या रविवारी जाणार असाल तर शुक्रवारी रात्रीपासून माशांचं खाणं बंद करा, आणि दुसरा ड्रम आजच भरून ठेवा.